तबकडीची आतली कड

बंगळुरू,
१९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. "कॉलनीत सगळे विचारतात, अंजली तिकडे नेमकं करते काय, आणि मी 'आकाशाचं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेते. इतकी वर्षं पिंपळगावच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला हे शोभतं का?" असं तू लिहिलंयस. नाही शोभत. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसलेय.

मी एका कृष्णविवराची गिरकी मोजते. ते एकटं नाही, त्याच्या जोडीला एक साधा तारा आहे. कृष्णविवर त्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं. पण हा वायू सरळ आत पडत नाही. मोरीतलं पाणी जाळीपाशी गोल फिरत जातं, तसा तो भोवती फिरत राहतो आणि त्याची एक चपटी तबकडी तयार होते. आत सरकता सरकता तो इतका तापतो, की त्यातून क्ष-किरण निघतात. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपावे लागतात. ती नोंद माझ्या कॉम्प्युटरवर येते आणि मग माझं काम सुरू होतं.

तबकडी थेट कृष्णविवरापर्यंत भिडत नाही. तिला एक आतली कड असते. त्या कडेच्या आत वायूला फिरत राहणं जमतच नाही, तो कोसळतो आणि संपतो. आता खरी गंमत. कृष्णविवर तबकडीच्याच दिशेने जितक्या जोरात फिरत असेल, तितकी ही कड त्याच्या जवळ सरकते. म्हणजे कड कुठे आहे ते कळलं, की गिरकी कळली. कड कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही. पण तबकडी किती तापलीय आणि तिचा उजेड आपल्यापर्यंत किती येतो, यावरून गणिताने ती काढता येते.

माझी कड अगदी आत आलीय, आत्या! निसर्गात जास्तीत जास्त जेवढी गिरकी शक्य आहे, जवळजवळ तेवढी. माझे गाईड आधी विश्वास ठेवायला तयार नव्हते. आता आमचा पेपर स्वीकारला गेलाय आणि त्याच्या जोरावर पीएचडीनंतर जर्मनीत जागा मिळेल अशी चिन्हं आहेत.

आता तुझ्याकडे येते. कानाच्या ऑपरेशनचं काय ठरवलंस? टीबीच्या इंजेक्शनांनी गेलेल्या कानांना, ऑपरेशन करून आत बसवतात त्या यंत्राचा चांगला उपयोग होतो, असं इथले डॉक्टर म्हणाले. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघते. मला तुझ्याशी फोनवर बोलायचंय गं. तीन वर्षं झाली.

तुझी,
अंजू


नाशिक,
२८ जानेवारी २०२५

प्रिय अंजू,
जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून आणि एकदा मास्तरीण म्हणून. मास्तरणीने दहापैकी नऊ दिलेत, एक मार्क अक्षरासाठी कापलाय. मोरीच्या पाण्याचं उदाहरण मी लगेच शेजारच्या राखीला सांगितलं. तुझी ही शाळेतली मैत्रीण शहाण्यासारखी मान हलवत होती, पण मी तिच्या ओठांवरून ओळखलं, ती म्हणाली, "म्हणजे अंजली मोरी तुंबल्यावर बघते का?"

राखीचा नवरा वर्तमानपत्रात आहे. त्याने बातमी लावली, "नाशिकच्या लेकीने मोजला कृष्णविवराचा वेग." फोटो तुझ्या बारावीतला छापलाय, त्याला मी काय करू? जयंतीला मंडळाने तुझा सत्कार ठरवलाय. चौदा एप्रिलला तुला यायचंच आहे. दादा-वहिनी गेल्यावर चौथीतली तू माझा हात धरून या कॉलनीत आलीस, तेव्हा कोणाशी बोलत नव्हतीस. त्याच लोकांना आता तू माइकवरून बोलताना बघायचंय.

माझं बरं चाललंय. ओळखीच्या एकांनी दाराच्या बेलला लाल दिवा जोडून दिलाय. कोणी बेल दाबली की स्वयंपाकघरात तो लुकलुकतो. राखीने बेल दाबल्याबरोबर मी दार उघडलं, तर तीच दचकली. हल्ली रविवारी मी घरी नसते, एका ठिकाणी जाते. आल्यावर सांगेन.

ऑपरेशनची घाई नको. थंडी ओसरू दे.

तुझी आत्या


बंगळुरू,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

मी स्पष्टच विचारते. राखीचा मेसेज आला. एक सफारीवाले गृहस्थ एक दिवसाआड तुझ्याकडे येतात म्हणे. मागची खोली त्यांनी उभं राहून रंगवून घेतली. परवा तू त्यांच्या स्कूटरवर बसून कुठल्याशा सरकारी ऑफिसात गेली होतीस. कोण आहेत हे? तू मला एका शब्दाने बोलली नाहीस.

तुला ऐकू येत नाही. समोरचा दुसऱ्या कोणाशी काय बोलतो ते तुला कळणार नाही. एकट्या बाईचं द्वारका चौकाजवळ स्वतःचं घर आहे म्हटल्यावर लोक गोड बोलत येतात. घराचे कागद कुलपात ठेव आणि मला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नकोस.

रागावू नकोस. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

अंजू


नाशिक,
२६ फेब्रुवारी २०२५

अंजू,

घराचे कागद जिथे होते तिथेच आहेत. माझे कान गेलेत, अक्कल शाबूत आहे.

राखीचा दीर बंगळुरूला येतोय, त्याच्याबरोबर दिंडोरीची द्राक्षं पाठवली आहेत. मिठाच्या पाण्यात ठेवून मग खा.

आत्या


बंगळुरू,
२२ मार्च २०२५

प्रिय आत्या,

द्राक्षं मिळाली. गोड होती.

एक विनंती आहे. मंडळाला सांगून माझा सत्कार रद्द कर. बातमीही आता पुढे कोणाला दाखवू नकोस. मी एप्रिलमध्ये येणार नाही. कारण आत्ता विचारू नकोस, मला लिहिता येणार नाही.

तब्येतीला जप.

अंजू


नाशिक,
३० मार्च २०२५

प्रिय अंजू,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. कारण विचारू नकोस म्हणालीस, पण ते मला समजलंय. राखीने तुला उरलेलंही सांगितलं असणार आणि कॉलनीसमोर माझ्या शेजारी उभं राहायची तुला लाज वाटतेय. तेव्हा दुसऱ्याकडून अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण ऐक.

त्यांचं नाव देवराम साळवे. एसटीतून निवृत्त झालेत. त्यांची बायको जन्मापासून बहिरी होती. तिच्याशी बोलायला ते लग्नानंतर खुणांची भाषा शिकले. ती जाऊन सात वर्षं झाली. घरात ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून विहाराच्या हॉलमध्ये रविवारी फुकट वर्ग घेतात. मागच्या दिवाळीनंतर मी तिथे जायला लागले. तू ऑपरेशनच्या मागे लागली होतीस, त्यात हे सांगितलं तर तुला वाटलं असतं आत्याने हात टेकले. म्हणून लपवलं. ते चुकलंच.

साळवे स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. "मालेगाव गाडी फलाट चारवर लागत आहे." मी पिंपळगावच्या शाळेत जाण्यासाठी रोज त्याच स्टँडवर उभी असायचे. म्हणजे हा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकलाय, फक्त माणूस माहीत नव्हता. आज ते समोर बसतात तेव्हा मला त्यांचा आवाज येत नाही, पण तो कसा आहे हे मला आठवतं. हे मी त्यांना सांगितलं तर ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. डोळे पुसून आत आले आणि खुणेने म्हणाले, "तुमची गाडी नेहमी उशिरा सोडायचो, त्याची माफी."

आम्ही लग्न करायचं म्हणतोय. ते सरकारी ऑफिस म्हणजे विवाह नोंदणीचं, चौकशीला गेलो होतो. त्यांचं स्वतःचं घर आहे, मुलगा आहे, सून आहे. माझ्या घराची त्यांना गरज नाही. मी सत्तावन्न वर्षांची आहे. तुझ्यासाठी म्हणून मी लग्न केलं नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. तेव्हा करावंसं वाटेल असं कोणी भेटलं नव्हतं. आता भेटलंय.

तुला हे मान्य नसेल तर तसं लिही. पण गप्प राहू नकोस. गप्प माणसं माझ्या आयुष्यात आता पुष्कळ झालीत.

तुझी आत्या


बंगळुरू,
६ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. राखीने सफारी आणि स्कूटर एवढंच सांगितलं होतं. मी तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे येत नव्हते. आता ऐक.

माझं उत्तर चुकलं.

तबकडीचा उजेड आपल्यापर्यंत किती येतो, त्यावरून कड काढतात असं मी लिहिलं होतं. त्यासाठी तो जोडतारा किती लांब आहे ते माहीत असावं लागतं. आम्ही जुनं, सगळे वापरतात ते अंतर धरलं. मार्चमध्ये दुसऱ्या एका गटाने रेडिओ दुर्बिणींनी ते नव्याने मोजलं, फार काळजीपूर्वक. तो बराच जास्त लांब निघाला. इतक्या लांबून जर एवढा उजेड येत असेल, तर तबकडी आम्हाला वाटली त्याहून मोठी असली पाहिजे. मोठी म्हणजे कड बाहेर, आणि कड बाहेर म्हणजे गिरकी कमी. माझं कमाल वेगाचं कृष्णविवर एका दुपारी साधंसुधं होऊन बसलं.

मी गाईडकडे गेले. ते म्हणाले, "त्यांचाही आकडा उद्या बदलू शकतो. पेपर छापून येऊ दे, पुढच्या पेपरात दुरुस्ती लिहू."

मी म्हटलं, "सर, पण चुकीचं आहे हे मला आज माहीत आहे."

"जर्मनीची जागा याच आकड्यावर मिळतेय, हेही माहीत आहे ना?"

"हो सर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर मागे घेण्याच्या पत्रावर सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. जर्मनीहून अतिशय सभ्य नकार आला. मोजलेलं चुकतं, ते पुन्हा मोजता येतं, हे सगळं मला पाठ आहे. पण बातमी छापून आलेली, मंडळाने हॉल घेतलेला, आणि मी कुठल्या तोंडाने हार घालून घेऊ?

आता तुमच्याबद्दल. मी साळव्यांना ओळखत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण आत्या, एक मनात आहे ते लिहितेच. आधी ऑपरेशन करून घे, मग लग्नाचं बघ. तुला पुन्हा ऐकू यायला लागलं, तर कदाचित तुला वेगळं वाटेल. आत्ता ते एकटेच तुझ्याशी बोलू शकतात, म्हणून तर ते तुला आवडत नाहीत ना?

अंजू


नाशिक,
१४ एप्रिल २०२५

प्रिय अंजू,
जयंतीच्या दिवशी तुला जय भीम.

सकाळी मिरवणुकीत गेले होते. ढोल मला ऐकू येत नाहीत, पण छातीत वाजतात. पांढऱ्या साडीला निळा गुलाल लागलाय, तशीच लिहायला बसलेय.

सत्कार रद्द केला. मंडळाच्या अध्यक्षांनी कारण विचारलं. तिथे ढोलांचा सराव चालू होता, म्हणून मी पाटीवर लिहून दिलं, "तिला तिची चूक सापडली, तिने पेपर मागे घेतला." त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कोणी पकडली?" मी लिहिलं, "तिने स्वतःच." त्यांनी पाटी पुसायच्या आधी आणखी चौघांना दाखवली. तुला इथे तोंड दाखवायची भीती वाटायला नको, एवढंच सांगते.

आता तुझा प्रश्न. तू तो विचारलास याचा राग आला, पण विचारलास हे बरं केलंस.

मी तुला न सांगता नाशिकच्याच डॉक्टरांकडे जाऊन आलेय. त्यांनी नीट समजावलं. यंत्राने आवाज येईल, पण तो जुन्यासारखा नसेल, पुन्हा ओळखायला शिकावा लागेल. पुष्कळांना फार फायदा होतो. ज्यांना हवं त्यांनी जरूर करावं. मी नाही म्हणाले. दीड वर्ष त्या टीबीच्या पलंगावर काढल्यावर मला पुन्हा हॉस्पिटलात झोपायचं नाही. उद्या मन बदललं तर करीन, साळवे असोत नसोत. पण आज नको आहे.

आणि ते एकटेच माझ्याशी बोलतात, म्हणालीस. ते पहिल्या महिन्यात खरं होतं. तीन वर्षं लोक माझ्याशी ओरडून बोलत होते किंवा बोलतच नव्हते. सगळे हसून झाले की कोणीतरी मला विनोद लिहून दाखवायचं आणि मी मागाहून हसायचे. त्या वर्गात पहिल्या रविवारी मी सगळ्यांबरोबर हसले. आज वर्गातल्या आठ-दहा जणांशी माझं बोलणं होतं. सुवर्णा नावाची मुलगी आहे, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये कामाला. तिच्याशी तर माझं कडाक्याचं भांडणसुद्धा झालंय. बोलायला इतके जण असूनही संध्याकाळी साळव्यांची स्कूटर कधी येते हे मी खिडकीतून बघते. तेव्हा तुझी शंका मी तपासून पाहिली, आणि ती खरी नाही.

तुला माझ्याशी फोनवर बोलायचंय, ते मला कळतं. मलाही तुझा आवाज हवासा वाटतो. पण त्यासाठी मीच बदलायचं असं का? तू ये आणि समोर बस.

तुझी आत्या


बंगळुरू,
२५ मे २०२५

प्रिय आत्या,

सुखरूप पोचले. बसमध्ये झोप लागली नाही.

चार दिवस घरात मी कशी वागले ते मला माहीत आहे. पहिल्या दिवशी साळवेकाकांनी "काय म्हणतं बंगळुरू?" असं विचारलं, तर मी "बरं आहे" म्हणून ताट घेऊन आत गेले. तू ते बघितलंस.

तिसऱ्या दिवशी तू बाजारात गेलीस, तेव्हा काय झालं ते तुला काकांनी सांगितलं का? मी त्यांना गाठून विचारलं, "काका, आत्याचं ऑपरेशन व्हावं असं तुम्हाला वाटत नाही का?"

"मला?" ते म्हणाले. "अहो, मीच म्हणालो होतो करा म्हणून. माझा आवाज बरा आहे, पुन्हा ऐका म्हटलं."

"मग?"

"मग काय. त्यांनी मला असं केलं." आणि त्यांनी तू डोळे वटारून दोन्ही हातांनी कसं गप्प केलंस ते करून दाखवलं. हुबेहूब तू, आत्या. आठवीच्या वर्गावर ओरडणारी. मला हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "माझी बायको ऐकू येत नाही म्हणून कधी रडली नाही. माणसं तोंड फिरवून बोलायची तेव्हा रडायची. लताबाईंचं, तुमच्या आत्याचं, तसं होऊ नये, एवढंच मी बघतो."

त्या संध्याकाळी तुम्ही दोघं ओट्यापाशी भांडत होतात. कशावरून ते कोण जाणे, बहुतेक वांग्यात गूळ घालण्यावरून. हात भराभर चालले होते, तू चमचा आपटलास, ते हसले, तूही हसलीस. मी दारात उभी होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. इतकी वर्षं मी तुला ऐकवायच्या मागे होते, आणि तुझ्या घरात मीच अडाणी ठरले.

इथे शनिवारी खुणांच्या भाषेचा वर्ग असतो. मी नाव घातलंय. नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही मी करणार, राखी नाही. तिला आधीच सांगून ठेव, नाहीतर नवी साडी घेऊन बसेल.

काकांना जय भीम सांग.

तुझी,
अंजू

ता. क. नवं अंतर धरून सगळं गणित पुन्हा केलं. गिरकी मधेच कुठेतरी येते, आणि नेमकी सांगता येत नाही. सरांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे छापू." या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं.


नाशिक,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंजू,

तुझ्या साक्षीच्या सहीने नवरा झालेले साळवे म्हणतात दोन दिवसांनी लिही, तिला जरा स्थिर होऊ दे. मी ऐकलं नाही.

मागच्या रविवारचा तुझा कार्यक्रम अजून वर्गात चालू आहे म्हणायला हरकत नाही. तू मराठीत बोलत होतीस आणि साळवे खुणा करत होते. कृष्णविवराला खूण नव्हती, ती आमच्या माणसांनी तिथेच ठरवली. एका मुठीभोवती दुसरा हात फिरवायचा आणि फिरवता फिरवता मुठीत लपवायचा. नंतर सुवर्णाने उठून विचारलं, "मग ते फिरतं किती जोरात?" साळवे तुला तोंडी सांगायला वळले. तू त्यांना थांबवलंस. तुला प्रश्न कळला होता. तू हातांनी सांगितलंस, "खूप नाही. हळूही नाही. नक्की माहीत नाही." 'माहीत नाही'ची खूण तू उलटी केलीस, ती 'विसरले' अशी झाली. सुवर्णाने पुढे येऊन तुझा हात धरून सरळ करून दिला. हॉलमध्ये इतक्या लोकांसमोर तू "माहीत नाही" म्हणालीस आणि तुझा चेहरा पडला नाही, ते मी बघत होते.

जर्मनीऐवजी पुण्यात अर्ज केलायस, त्या जागेचं कळव. दोन वर्षांची का असेना, नाशिकहून बस आहे.

आणि स्टँडवरचं. गाडी लागली, तू आत बसलीस, एसीची काच बंद. बाहेर सगळी माणसं काचेवर हात मारून ओरडत होती, "पोचल्यावर फोन कर", "डबा खा", आतल्यांना काही ऐकू येत नव्हतं, ती कानाला हात लावून "काय? काय?" करत होती. आपण दोघी मात्र निवांत बोलत होतो. तू सांगितलंस, मधे मंद झालेली त्या कृष्णविवराची तबकडी पुन्हा पेटलीय, उपग्रह तिच्याकडे वळवलाय, या वेळी अंतर बरोबर आहे. मग विचारलंस, "पुन्हा चुकलं तर?" मी म्हटलं, "पुन्हा सांग." शेजारची बाई माझ्या हातांकडे बघत होती. साळव्यांनी तिला सांगितलं, "आत्या-भाची आहेत, बोलू द्या."

मग गाडी मागे झाली आणि वळली. वळताना तू आणखी काहीतरी म्हणालीस, दोन्ही हातांनी, मोठं काहीतरी. नेमकी दुसरी एसटी मधे आली आणि मला ते दिसलं नाही. साळव्यांनाही नाही.

ते काय होतं, ते लिहून कळव.

तुझी,
आत्या